समुद्राकाठी घर घ्यायचंय? आधी जुलैत जाऊन या

डिसेंबरातली एक रात्र. फॅमिली ग्रुपवर कुणीतरी नागावच्या व्हिलाचे फोटो टाकतं. निळा स्विमिंग पूल, मागे माडांची रांग, टेबलावर तळलेली सुरमई. खाली एक ओळ : ‘एका रात्रीचे बारा हजार!’ मग ग्रुपमधले एखादे काका फोनवरचा कॅल्क्युलेटर उघडतात. बारा हजार गुणिले तीस. महिन्याचे तीन लाख साठ हजार. ‘अरे, मग आपणच एक घेऊया की!’

तुमच्याही ग्रुपवर हे झालं असेल. आमच्या ग्रुपमधले ते काका म्हणजे माझे बाबा.

मी नोकरीसाठी बंगळुरात असते, आई-बाबा कोल्हापुरात. बाबा निवृत्त झाले, फंडाचे पैसे हातात आले आणि त्याच सुमारास मोबाइलवर तारकर्लीजवळच्या ‘सी-व्ह्यू प्लॉट’चा व्हिडिओ आला. ड्रोनने टिपलेला समुद्र, मागे बासरी. ‘घर बांधा, पर्यटकांना द्या, पेन्शनसारखं उत्पन्न मिळवा.’ आईने मला फोन केला, “तू जरा इंटरनेटवर बघ गं, हे काय प्रकरण आहे.” ते ‘जरा बघणं’ चार महिने चाललं. तेवढ्यात जे कळलं ते तुम्हालाही उपयोगी पडेल, म्हणून लिहितेय.

आधी तो गुणाकार

तीसने गुणायचं नाही, ही पहिली गोष्ट. सुट्टीचं घर महिनाभर भरत नाही. मुंबई-पुण्याची माणसं शुक्रवारी रात्री येतात आणि रविवारी दुपारी जेवून निघतात. वर्षाचे ५२ आठवडे, प्रत्येकी दोन रात्री, म्हणजे १०४. त्यातले पावसाळ्यातले बरेच गळतात. दिवाळी, नाताळचा आठवडा, मे महिना आणि जोडून आलेल्या सुट्ट्या त्यात मिळवा. हात सैल सोडून ११० रात्री धरू.

आता समजा, जमीन आणि बांधकाम धरून घर १ कोटी २० लाखांना पडलं आणि भाडं रात्रीला बारा हजार. ११० रात्रींचे १३ लाख २० हजार झाले. ऐकायला छान वाटतं. आता वजाबाकी करू. बुकिंग देणाऱ्या ॲपचं किंवा एजंटचं कमिशन दोन लाख. राखणदाराचा पगार महिना पंधरा हजार धरला तर वर्षाचे १ लाख ८० हजार. दरवेळची साफसफाई आणि चादरी-टॉवेलची धुलाई १ लाख १० हजार. एसी चालणार म्हणजे वीज १ लाख २० हजार. रंग, गळती, गंज, मोटार, गीझर मिळून दीड लाख. पूल असेल तर त्याचे साठ हजार. खर्च झाला ८ लाख २० हजार आणि हातात उरले पाच लाख.

१ कोटी २० लाखांवर पाच लाख म्हणजे सुमारे चार टक्के. बँकेतली मुदत ठेव काहीही न करता याहून जास्त देते आणि तिला कौलं बदलावी लागत नाहीत.

कर्ज काढलंत तर गणित आणखी बिघडतं. ८० लाखांचं कर्ज, व्याज साडेआठ टक्के, मुदत २० वर्षं, तर हप्ता येतो साधारण ६९ हजार ४०० रुपये. वर्षाला सव्वाआठ लाखांच्या वर. घर पाच लाख देतंय, बँक सव्वाआठ लाख मागतेय. उरलेले सव्वातीन लाख कुठून आणायचे? बाबांकडे याचं उत्तर होतं, “जमिनीचा भाव वाढेल ना!” ते अगदीच चूक नाही. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी गाडी घेऊन जाणारी रो-रो बोट सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू उघडला आणि अलिबाग मुंबईच्या आणखी जवळ आलं. सिंधुदुर्गात २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. जमिनी महागल्या, हे खरं. पण पूल फक्त तुमच्यासाठी बांधलेला नसतो. रस्ता सुधारला की शेजारी आणखी वीस व्हिला उभ्या राहतात आणि मग बारा हजारांची रात्र आठ हजारांना द्यावी लागते. शिवाय वाढलेला भाव हातात यायला घर विकावं लागतं. किनाऱ्यावरचं महागडं घर आज काढलं आणि उद्या गेलं, असं होत नाही.

हे आकडे माझे आहेत, तुमच्या घराचे वेगळे असतील. कागद घ्या आणि स्वतः मांडा. फक्त ‘रात्री’ या रकान्यात ३०० लिहू नका.

विकणारा सांगत नाही तो भाग

आता कागदपत्रं. हा भाग कंटाळवाणा आहे हे मला ठाऊक आहे. मीही दोनदा अर्धवट सोडला होता. पण पैसे बुडतात ते इथेच.

महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच विकत घेता येते. १९४८ च्या कूळ कायद्यापासून हे चालत आलं आहे. तुम्ही शेतकरी नसाल तर ती जमीन आधी बिगरशेती, म्हणजे एनए, झालेली हवी किंवा गावठाणातली हवी. आमचे आजोबा शाळेत मास्तर होते, सातबाऱ्यावर आमचं नाव कुठेच नाही. बाबांनी हे सांगितलं तेव्हा प्लॉटवाला म्हणाला, “दाखल्याचं आपण बघून घेऊ.” हे वाक्य कुणी तुम्हाला म्हणालं तर चहा संपवा आणि उठा. उद्या तो दाखला खोटा ठरला तर जमीन तुमची जाते. त्याला त्याचे पैसे तोवर मिळालेले असतात.

बंगळुरातल्या मराठी वाचकांना इथे गोंधळायला होतं, कारण कर्नाटकाने २०२० मध्ये ही अट काढून टाकली. गोकर्ण-कारवारकडे शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येते. ऑफिसमधल्या कुणी तिकडे घेतली म्हणून वेंगुर्ल्यालाही तसंच असेल असं समजू नका. गोव्याचं आणखी निराळं. तिथे २०२३ च्या कायद्याने भातशेतीच्या जमिनी बिगरशेतकऱ्याला विकण्यावर बंदी आली आहे. शिवाय घर पर्यटकांना द्यायचं तर पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते, मग ते घर पणजीतला दोन खोल्यांचा फ्लॅट का असेना.

सातबारा ‘महाभूलेख’ या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या बघता येतो. डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत मिळतो. बाबांनी बघितलेल्या प्लॉटचा काढला, तर त्यावर चौदा नावं होती आणि ‘इतर हक्क’मध्ये कुळाची नोंद. कोकणातल्या जमिनींचं हे नेहमीचं आहे. पणजोबांची जमीन, वाटण्या तोंडी, अर्धे वारस मुंबईत, काही परदेशात. विकणारा एक आणि हक्कदार चौदा. एकाने जरी नंतर हरकत घेतली तरी तुमचं घर वर्षानुवर्षं कोर्टात राहतं. म्हणून फेरफार बघा आणि वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घ्या. एका मोठ्या शेतजमिनीचे दोन-दोन, तीन-तीन गुंठ्यांचे तुकडे पाडून कुणी विकत असेल तर १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो का, हे तलाठ्याकडे आणि दुय्यम निबंधकांकडे विचारा. प्लॉट एखाद्या मोठ्या प्रकल्पातला असेल, म्हणजे जमीन ५०० चौरस मीटरहून जास्त किंवा घरं आठहून जास्त, तर महारेराचा नोंदणी क्रमांक हवाच. तो संकेतस्थळावर टाकून बघायला दोन मिनिटं लागतात.

मग सीआरझेड. भरतीचं पाणी जिथवर येतं ती रेषा धरून किनाऱ्याचे नियम ठरतात. १९९१ मध्ये पहिली अधिसूचना आली, मग २०११ ची आणि आता २०१९ ची. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, असा साधारण नियम आहे. जिथे २०११ च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून जास्त लोक राहतात, अशा दाट वस्तीच्या गावांत हे अंतर ५० मीटर होऊ शकतं. खाडीच्या काठाचे नियम वेगळे. आता विचार करा, झोपाळ्यावर बसून लाटा दिसतील असा ‘सी-व्ह्यू’ प्लॉट या रेषेच्या कुठल्या बाजूला असेल? मी दलालाला किनारा व्यवस्थापन नकाशात गट नंबर दाखवा म्हटलं. त्याने ड्रोनचा व्हिडिओ परत पाठवला.

नियम कागदावरच राहतात असं कुणी म्हणालं, तर त्यांना किहीमची आठवण द्या. फरार हिरे व्यापारी नीरव मोदी याचा तिथला बंगला ८ मार्च २०१९ रोजी रायगडच्या प्रशासनाने स्फोटकं लावून पाडला. कारण हेच, किनाऱ्याचे नियम मोडून केलेलं बांधकाम. एवढ्या पैशांच्या माणसाचं घर पडतं, तिथे आपल्या फंडाचं काय?

याच अधिसूचनेत एक गोष्ट मला फार आवडली. किनाऱ्यावरच्या स्थानिकांना, कोळी बांधवांना, त्यांच्या असलेल्या घरात पाहुणे ठेवायला परवानगी आहे. अट एवढीच की घराचा चौथरा, रचना आणि दर्शनी भाग बदलायचा नाही. म्हणजे किनाऱ्यावर पाहुणचार करण्याचा पहिला हक्क तिथे आधीपासून राहणाऱ्याचा. ‘निवास न्याहारी’ योजना याच वाटेवरची. तुम्ही गुहागरला, दिवेआगरला गेला असाल तर अशा घरात राहिलाही असाल. दोन खोल्या पाहुण्यांना, बाकी घरात यजमान आणि सकाळी घावणे.

जुनी घरं समुद्राकडे पाठ करून

दिवेआगर, गुहागर, नागाव या गावांत जुनी घरं कुठे आहेत, कधी बघितलंत? गावातून जाणाऱ्या रस्त्याला लागून. दार रस्त्याकडे. घरामागे वाडी, नारळी-पोफळीची. वाडी संपली की सुरूची झाडं किंवा केवड्याचं बन आणि त्याच्या पलीकडे समुद्र. घरातून लाटांचा आवाज येतो, समुद्र दिसत नाही.

मला आधी वाटायचं, एवढा सुंदर समुद्र आणि ही माणसं त्याच्याकडे पाठ करून बसलीत! आता वाटतं, त्यांना समुद्र आपल्याहून जास्त माहीत होता. वाडी वारा अडवते, खारं अडवते, वाळू अडवते. घर जांभ्या दगडाचं, छप्पर उतरतं कौलारू. पावसाआधी आगोटीची कामं निघतात. कौलं चाळायची, फुटलेली बदलायची, पडवीला झावळ्यांची झड बांधायची, सरपण भरून ठेवायचं. दरवर्षी न चुकता.

व्हिला याच्या उलट असते. सपाट स्लॅब, समुद्राकडे काचेची भिंत, लोखंडी रेलिंग. खारा वारा एसीच्या बाहेरच्या युनिटला खातो, बिजागऱ्या खातो, पंख्याच्या बेअरिंगला खातो. लाकडी दारं पावसात फुगतात आणि ऑक्टोबरात पुन्हा आकसतात. मी वर दुरुस्तीचे दीड लाख धरले तेव्हा बाबा म्हणाले, “फार धरलेस.” तेव्हा आम्ही जुलैत गेलो नव्हतो.

आणि वादळं. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुडच्या वाड्या आडव्या झाल्या. पत्रे उडाले ते महिनाभरात बसवता येतात. पोफळीला फळ धरायला पाच-सहा वर्षं लागतात, नारळालाही तेवढीच. पुढच्याच मे महिन्यात ‘तौक्ते’ किनाऱ्याला घासून गुजरातेकडे गेलं. पहिल्या लॉकडाऊनने पाहुणे नेले आणि त्याच उन्हाळ्याच्या शेवटी वादळाने वाडी नेली, अशी कितीतरी निवास न्याहारीची घरं होती. गुंतवणुकीच्या जाहिरातीत ही दोन वर्षं कधी दिसत नाहीत. विमा घ्यालच, पण घर पर्यटकांना भाड्याने देणार आहोत हे विमा कंपनीला आधीच लेखी कळवा, नाहीतर दावा करताना तोच मुद्दा निघतो. आणि वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली तर जीएसटी नोंदणी लागते, हेही सीएला विचारून घ्या.

एक गोष्ट हिशेबाच्या कागदावर येत नाही, ती पाण्याची. किनाऱ्यावर गोडं पाणी वाळूखाली पातळ थरात असतं. बोअर मारून उपसा वाढला की खालून खारं पाणी वर येतं आणि शेजारच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं. तुमचा पूल मे महिन्यात भरलेला असतो तेव्हा शेजारी टँकरची वाट बघत असतात. त्याच शेजाऱ्यांनी तुमच्या घराकडे लक्ष ठेवावं, अशी तुमची अपेक्षा असते.

आणि मग आम्ही गेलो

शेवटी मी बाबांना म्हटलं, घ्या तुम्ही प्लॉट, पण आधी तिथे एक आठवडा राहू. डिसेंबरात नको, जुलैत. मी बंगळुरातून रात्रीच्या बसने कोल्हापूरला गेले आणि तिघं फोंडा घाटाने खाली उतरलो. घाटात दहा फुटांपुढचं दिसत नव्हतं. मालवणजवळ एका काकूंकडे खोली घेतली होती. तीन खोल्या पाहुण्यांना, त्यातली आमची एकच भरलेली. २६ मे ते ३१ ऑगस्ट जलक्रीडा बंद असतात. जून-जुलै मासेमारीही बंद. स्कूबा नाही, किल्ल्याकडे होडी नाही, बाजारात ताजी सुरमई नाही. समुद्र मातकट आणि त्याचा आवाज रात्रभर छपरात घुमत होता. दोन दिवस वीज नव्हती.

प्लॉट बघायला गेलो. ड्रोनच्या व्हिडिओतली पांढरी वाळू होती तिथे घोटाभर पाणी. फोनवर प्लॉटवाला वैतागून म्हणाला, “पावसात कशाला आलात? ऑक्टोबरात यायचं ना!” शेजारी पुण्याच्या कुणाचा तरी बंगला होता. फाटकाची साखळी गंजून लाल, भिंती शेवाळून हिरव्या, एसीच्या युनिटला प्लास्टिक गुंडाळलेलं. आत कुणी नाही. पुढे देवबागला गेलो, जिथे एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी. किनारा वाहून जाऊ नये म्हणून टाकलेल्या दगडांवर लाटा आपटत होत्या. बाबा छत्री धरून बराच वेळ उभे होते. काही बोलले नाहीत.

संध्याकाळी पडवीत बसलो असताना त्यांनी काकूंना विचारलं, तुमचा यात किती फायदा होतो? काकूंना प्रश्नच नीट कळला नाही. घर सासऱ्यांचं, त्यावर कर्ज नाही. मुलगा हंगामात होडीवर असतो, पावसात घरची दुरुस्ती करतो. स्वयंपाक त्या आणि सून करतात. पाहुणे आले तर पैसे, नाही आले तर घर आहेच. मग बाबांनी प्लॉटचं सांगितलं. त्या म्हणाल्या, “बांधा, पण रवाक येवा. कुलूप लावून गेलात तर दोन पावसांत घर हातचा गेला समजा.”

माझ्या सगळ्या आकडेमोडीत हा रकाना नव्हता. राखणदाराचे पंधरा हजार मी लिहिले होते, पण रात्री अडीच वाजता कौल सरकलं तर शिडी लावून वर कोण चढणार, हे त्यात नव्हतं. काकूंकडे तो माणूस घरातच होता. आपल्याकडे तो पाचशे किलोमीटरवरून फोन करून शोधावा लागतो.

म्हणून तुम्हाला माझं स्पष्ट मत सांगते. तुम्ही निवृत्तीनंतर वर्षातले सहा-आठ महिने तिथे राहणार असाल, घर कर्जाशिवाय होत असेल आणि गावात तुमचं कुणी असेल, तर जरूर घ्या. उरलेल्या खोल्या पाहुण्यांना द्या, वीजबिल निघेल, सोबत होईल. गावठाणातलं जुनं घर मिळालं तर उत्तम, बिगरशेतीची कटकट नाही आणि शेजार आयता. पण दुसऱ्या शहरात बसून, ॲपवर बुकिंग घेऊन, हप्ता त्यातून फेडायचा असा बेत असेल तर फंडाचे पैसे त्यात घालू नका. समुद्रच हवा असेल तर वर्षातून तीन वेळा जा, चांगल्या घरात राहा, मासे खा. वर्षाला लाख रुपये खर्च केलेत तरी ते वरच्या सव्वातीन लाखांच्या खड्ड्यापेक्षा कमीच आहेत.

बाबांनी मुदत ठेव एका वर्षासाठी पुन्हा टाकली. पूर्ण पाच वर्षांसाठी नाही, एकाच वर्षासाठी, हे आईने मला मुद्दाम फोन करून सांगितलं. कपाटात ‘समुद्र’ असं लिहिलेली फाइल अजून आहे. गेल्या आठवड्यात त्यांनी मला एक फोटो पाठवला. गुहागरच्या गावठाणातलं जुनं कौलारू घर, पुढे तुळस, दार रस्त्याकडे. खाली लिहिलं होतं : ‘आठ जणांच्या सह्या लागतील. दोघे ठाण्याला, एक कॅनडात. वकील कोण चांगला ते बघ.’